दूरचा विमानप्रवास आणि वेगधारण

मुंबई ते नेवार्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. धुळे-जळगावच्या रुग्णाचा प्रवास मात्र घराच्या उंबरठ्यापासून मोजावा लागतो. मुंबईपर्यंतचा रस्ता व विमानतळावरील प्रतीक्षा धरली, तर तो तीस तासांच्या घरात जातो.

अमेरिकेत मुलीकडे निघालेल्या एका वृद्ध मातोश्रींना आम्ही महिनाभराची औषधे दिली. प्रवासाविषयी मात्र विचारले नाही. वारंवार उठावे लागू नये म्हणून त्यांनी वाटेत पाणीच टाळले. उतरल्यावर एक पोटरी सुजली. तपासणीत शिरेत रक्ताची गाठ आढळली. वेळीच उपचार झाले म्हणून निभावले. न विचारण्याची चूक आमचीच.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय वेगधारणाचा निषेध करतो. विमानातील कोरडी हवा रुक्षता वाढवते, तर अखंड बैठकीने पायांतील रक्ताभिसरण मंदावते. म्हणून वेग अडवू नये, घोट-घोट पाणी प्यावे, अधूनमधून उठून चालावे, हे आम्ही आता औषधपत्रावरच लिहितो. एकाच पायाला सूज आली वा धाप लागली, तर तेल चोळत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

औषधविक्रेते बंधूंनीही प्रवासाची औषधे बांधताना एवढे अवश्य विचारावे : घर ते घर किती तास?