छापा पडतो तो खोक्यावर

बनावट चार्जर, नामांकित कंपनीचा शिक्का मारलेली बेअरिंगं, हुबेहूब खोक्यातले वॉटर फिल्टर. असा माल पकडला की बातमीत बऱ्याचदा एक ओळ येते : कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ आणि ६३ अन्वये गुन्हा दाखल. वाचणारा बुचकळ्यात पडतो. कॉपीराइट म्हणजे कथा, गाणी, सिनेमा. चार्जरचा लेखक कोण?

उत्तर खोक्यावरच असतं. त्यावरचं लोगोचं चित्र, रंगांची आणि अक्षरांची मांडणी ही १९५७च्या कायद्याच्या लेखी कलाकृती ठरू शकते. आतला चार्जर चालो न चालो, ते चित्र जाणूनबुजून उचललं की कलम ६३ लागतं.

समजा, साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत, खाली पत्र्याचं काम आणि पोटमाळ्यावर पॅकिंग अशा एखाद्या गाळ्यात हा माल आहे. कंपनीने नेमलेल्या तपास संस्थेचा माणूस गिऱ्हाईक बनून एक नग घेतो, अस्सल नगाशेजारी ठेवून फरक टिपतो आणि अधिकारपत्र घेऊन पोलीस ठाणं गाठतो. पुढे दोन वाटा आहेत. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याने जायचं तर कलम ११५ म्हणतं, झडतीला उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी हवा, म्हणजे मुंबईत एसीपी. शिवाय आधी ट्रेडमार्क निबंधकांचं मत घ्यायचं. ते येईस्तोवर टेम्पो भरून माल पसार! कॉपीराइटचं कलम ६४ मात्र पीएसआयलाही वॉरंटशिवाय जप्तीचा अधिकार देतं, नकली मालाबरोबर छपाईच्या प्लेटांचाही. दोन पंच बोलावले, पंचनामा केला, गोण्यांना सील ठोकलं की मुद्देमाल ठाण्यात. हाताला लागतो तो बहुधा पॅकिंगवरचा पोरगा. खोकी छापून घेणारा शेठ कुठे असतो, ते पोराला विचारावं.

या पोराला जामीन मिळावा की नाही, यावर न्यायालयांत बरीच वर्षं घोळ होता. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं. नेमक्या 'तीन वर्षां'वर गुन्हा दखलपात्र ठरतो का, यावर उच्च न्यायालयांची मतं वेगळी होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये 'निट प्रो' प्रकरणात निकाल दिला : दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्याआधी मार्च २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी 'संजय सोया' प्रकरणात, खाद्यतेलाच्या लेबलवरून, कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही हे ठणकावलं. याच न्यायालयाचा २०१२चा निकाल नेमका उलटा होता.

सिनेमावाल्यांसाठी राज्य याहून पुढे गेलं. हातभट्टीवाले आणि झोपडपट्टीदादांना स्थानबद्ध करणाऱ्या १९८१च्या कायद्यात २००९मध्ये व्हिडिओ पायरेट्सही जाऊन बसले. खटल्याविना वर्षभर आत. केंद्राने २०२३मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलून दंडाची कमाल मर्यादा चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांवर नेली. तरीही बौद्धिक संपदेच्या रक्षणावरच्या अमेरिकेच्या 'स्पेशल ३०१' अहवालात भारत वर्षानुवर्षं 'प्रायॉरिटी वॉच लिस्ट'वरच. कायदा कागदावर सौम्य आहे, असं म्हणायला जागा नाही.

माझ्या मते खरी गोम फिर्यादीत आहे. कलम ६४ पोलिसांना स्वतःहून हात घालू देतं, पण नक्कल ओळखणार कोण? ज्याच्याकडे वकील आणि तपास संस्था, त्याच्या खोक्यासाठी जीप निघते. मराठी कादंबरीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजरोस फिरते आणि पाठवणारा वर 'वाचनसंस्कृती'चं पुण्यही पदरात पाडून घेतो. छोट्या प्रकाशकाने लेखकाशी झालेला करार, मूळ आवृत्तीची प्रत आणि ग्रुपचे स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात जायला हरकत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र नाही म्हणून त्याला परत पाठवता येणार नाही.