बोटींत पाणी येतें कोठून?

अंधेरीच्या पश्चिमेस वेसाव्याचा कोळीवाडा आहे. तेथील खाडींत मासेमारीच्या बोटी नांगरलेल्या आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. समोर मढचा किनारा, मध्यें तरीची ये-जा, आणि भरतीच्या वेळीं एकमेकींस खेटून डोलणाऱ्या बोटींची दाटी. लांबून पाहणाऱ्यास त्या सर्व सारख्याच वाटतात. पण बोटीच्या धन्यास, म्हणजे नाखव्यास, आपल्या बोटीची नाडी कळत असते. अशाच एका बोटीच्या दुखण्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

हा नाखवा माझा जुना विद्यार्थी. त्याच्या लाकडी बोटीच्या मागच्या भागांत केबिन आहे. डेकपासून दोन-तीन पायऱ्या उतरलें कीं झोपण्याच्या फळ्या लागतात, आणि पुढल्या लाकडी भिंतीपलीकडे बर्फ व मासळी ठेवण्याचें कोठार आहे. बोट समुद्रावर गेली म्हणजे सहा-सात माणसें आठ-आठ दिवस तेवढ्याशा जागेंत काढतात. तक्रार अशी कीं, पहांटे उठावें तों त्या भिंतीकडील अंथरूण चिंब ओलें, आणि तळाच्या फळ्या उचलाव्या तों खालीं पाणी. कारागिरानें दोन वेळां फळ्यांच्या सांध्यांत तेलांत भिजविलेला कापूस ठोकून भरला, वरून लुकण लावलें, आणि मजुरी घेतली. पाणी होतें तसेंच राहिलें. दोघे खलाशी दुसऱ्या बोटीवर जाण्याची भाषा बोलूं लागले. "मास्तर, बोट जाते कीं काय?" असें त्यानें मला विचारलें, तेव्हां त्याचा चेहरा परीक्षेंत नापास झालेल्या मुलासारखा झाला होता. बोट त्याच्या एकट्याची नाहीं. तिच्यावर कर्ज आहे, आणि सहा घरांचें पोट आहे.

मला बोटींतलें काय कळतें? परंतु पाणी उतरतीकडे जातें एवढें शाळेंत शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें, आणि या शोधांत तेंच उपयोगीं पडलें.

पहिली गोष्ट ही कीं, पाणी जेथें दिसतें तेथें तें शेवटीं आलेलें असतें; तेथूनच आंत शिरलें असेल असें नाहीं. आपल्या बोरिवली-मुलुंडकडील इमारतींतहि हा अनुभव येतो. डाग दिवाणखान्याच्या छतावर असतो आणि फुटलेला नळ वरच्या मजल्यावरील न्हाणीघरांत, दहा हात लांब. बोटींत याहून कठीण. कारण घर निदान स्थिर असतें. बोट एका कुशीवर कलते, वेग घेतला कीं नाळ उचलते, माल भरला कीं खालीं बसते. एका ठिकाणीं शिरलेलें पाणी फासळीच्या कडेनें, एखाद्या खिळ्याच्या किंवा विजेच्या तारेच्या आधारानें चालत जाऊन भलत्याच कोपऱ्यांत प्रकट होतें. हल्लीं पुष्कळ लाकडी बोटींवर बाहेरून फायबरचें आवरण चढवितात. त्या आवरणाच्या व लाकडाच्या मधून पाणी सरकूं लागलें, तर त्याचा माग काढणें फारच अवघड.

म्हणून 'कोठून' हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारावा. आधीं विचारावें, पाणी कोणतें?

नाखवा म्हणाला, चाखून पाहतों. मी त्याला अडविलें. बोटीच्या तळांत डिझेल असतें, मासळीचें पाणी असतें. ओळखीच्या एका विज्ञानशिक्षकाकडून सिल्व्हर नायट्रेटचा पातळ द्राव मागून आणला. (हा द्राव हातास लागूं देऊं नये, काळे डाग पडतात, आणि ते कित्येक दिवस जात नाहींत. माझ्या दोन बोटांनीं ही गोष्ट सिद्ध केली.) समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत मुख्य भाग साध्या मिठाचा. अशा पाण्यांत या द्रावाचे चार थेंब टाकले कीं दही नासल्याप्रमाणें पांढरा सांका जमतो. नळाच्या पाण्यांत नुसता गढूळपणा येतो. चार नळ्या घेतल्या: एकींत समुद्राचें पाणी, दुसरींत पिण्याच्या टाकींतलें, तिसरींत तळांतलें, चौथींत अंथरूण पिळून काढलेलें. तिसरी नळी पहिलीसारखी फुटली. चौथी मात्र दुसरीसारखी किंचित् गढूळ झाली.

म्हणजे पाणी एक नव्हतें, दोन होतीं. कारागीर व नाखवा दोघेहि एकाच चोरास धुंडाळीत होते आणि घरांत चोर दोन शिरले होते.

दुसरा प्रश्न, पाणी केव्हां येतें? तळ पुसून कोरडा केला, एका काठीवर खुणा केल्या, आणि दर तासाला पाणी मोजून वहींत लिहावयाचें काम एका तरुण खलाशाकडे दिलें. बोट नांगरलेली असतां रात्रभरांत काठी जेमतेम भिजली. यंत्र सुरू करून मढपलीकडे फेरी मारली, तों पाणी चढूं लागलें. फळ्यांचे सांधे बोट चालो वा न चालो, सारखेच पाण्याखालीं असतात. मग चालतांनाच पाणी कां यावें? बोटीचा पंखा ज्या दांड्यावर फिरतो, तो दांडा बोटीच्या अंगांतून बाहेर जातो. त्या भोंकाभोंवतीं चरबी लावलेल्या दोरीचे वेढे दाबून बसविलेले असतात. दोरी झिजली कीं फिरत्या दांड्याच्या कडेनें पाणी आंत येतें. येथें तळ कोरडा करून मीं खडूची पूड पसरली. मास्तराजवळ दुसरें काय असणार? पांढऱ्या पुडींतून पाण्याचा ओघळ आपली वाट स्वतःच लिहून दाखवितो. ओघळ सरळ त्या दांड्यापाशीं जाऊन थांबला. सांधे निर्दोष होते. कारागिरानें उगाच ठोकाठोक केली होती. आणि ही ठोकाठोक निरुपद्रवी नसते. कोरड्या फळ्यांत कापूस कोंबून भरला आणि पुढें त्या पाण्यानें फुगल्या, तर त्यांना फुगावयास जागा राहत नाहीं. मग खिळे सैल होतात. कित्येक दिवस किनाऱ्यावर वाळलेली बोट पाण्यांत लोटली कीं पहिले एक-दोन दिवस थोडेंफार पाणी घेते, आणि फळ्या फुगल्या कीं आपोआप मिटते, हें जुन्या कोळ्यांस मीं सांगावयास नको.

खारें पाणी हलक्यानें घेऊं नये, हेंहि येथेंच सांगतों. पाण्याच्या पातळीखालीं एक मीटरवर एक इंच व्यासाची नळी तुटली, तर मिनिटास सुमारें ८० लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ पांच टन पाणी आंत येतें. बालदीनें उपसणारे दोघे जण फार वेळ टिकणार नाहींत. यास्तव बोटीच्या अंगांतून जाणाऱ्या प्रत्येक नळीला बंद करण्याची तोटी असावी, आणि ती फिरते कीं गंजून बसली आहे, हें महिन्यांतून एकदां पाहावें.

आतां दुसरें, गोडें पाणी. प्रथम संशय छपरावर. छपराची परीक्षा करण्याची एक रीत आहे. नळीनें पाणी सोडावयाचें तें आधीं सर्वांत खालच्या सांध्यावर, दहा मिनिटें. मग त्याच्या वर, मग त्याहून वर. एकदम माथ्यावर पाणी ओतलें तर सगळेंच भिजतें आणि कळत कांहींच नाहीं. आम्हीं तासभर पाणी सोडलें. आंत थेंब आला नाहीं. पाऊस नसलेल्या रात्रींहि अंथरूण ओलें होत होतें. भिंतीवर खडूची पूड चोळली, तर ओघळ नाहीं. सगळीकडे सारखा चिखल. तेव्हां भिंतीवर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टीनें बसविला. सकाळीं त्याच्या मागची बाजू कोरडी होती आणि खोलीकडील बाजूस थेंब दाटले होते. पाणी भिंतींतून येत नव्हतें. तें खोलींतल्या हवेंतूनच येत होतें.

बर्फाचें पाणी भरलेल्या लोट्यास बाहेरून घाम सुटतो, तेंच हें. ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम बाष्प मावतें. तीच हवा १० अंशांपर्यंत थंड झाली कीं ९-१० ग्रॅमच मावतें. उरलेलें बाष्प पाणी होऊन बसतें. पलीकडे बर्फ, अलीकडे दारें लावून झोपलेलीं सात माणसें, आणि त्यांचे श्वास. खलाशी आपल्याच श्वासांत भिजत होते!

नाखवा हंसला. "मग काय, घामच ना?" तो म्हणाला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. लाकूड कुजविणारी बुरशी गोड्या ओलींत वाढते. मीठ तिला मानवत नाहीं. म्हणूनच अमेरिकेंतील जुने जहाजबांधणारे फासळ्यांच्या मधील पोकळींत मीठ भरून ठेवीत असत. आपल्या मुंबईचें नांव जहाजबांधणींत झालें त्यांत सागाच्या लाकडाचा वांटा मोठा. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून येथें आले, आणि त्यांच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या जहाजें बांधलीं. १८१७ सालीं मुंबईंत सागाचें बांधलेलें 'ट्रिंकोमाली' हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. परंतु नाखव्याच्या केबिनची भिंत सागाची नव्हती. स्वस्तांतल्या प्लायवुडची होती. मीं आरी मागितली आणि भिंतीच्या पायथ्याशीं टोंचली. ती लोण्यांत जावी तशी मुठीपर्यंत गेली. त्याच्या खालच्या फासळीचें टोंकहि वीतभर मऊ झालें होतें. ज्या खाऱ्या पाण्यानें त्याची झोंप उडविली होती, तें दोरी बदलून मिटण्यासारखें होतें. ज्याला तो हंसला, तें बोटीची हाडें खात होतें.

नाखवा कांहीं बोलला नाहीं. खालीं बसून त्यानें स्वतः आरी फिरवीत कूज कोठपर्यंत गेली आहे तें पाहिलें आणि खडूनें रेघ मारली. पुढल्या आठवड्यांत तेवढी भिंत कापून काढली, फासळीला नवा तुकडा सांधला, आणि कोठाराच्या बाजूनें जाड थर्मोकोलचा थर देऊन तो पाणी शिरणार नाहीं असा बंद केला. केबिनला समोरासमोर दोन झरोके पाडले. रात्रीं वारा लागतो म्हणून खलाशांनीं त्यांत गोणपाट कोंबलें होतें, तें दोन वेळां काढावें लागलें.

दांड्याभोंवतींची दोरी नवी घातली, तेव्हां नाखवा ती जोर लावून आवळूं लागला. तेथील मिस्त्रीनें त्याचा हात धरला. पार कोरडी आवळली तर दांडा तापतो आणि झिजतो. फिरत असतां थोडें पाणी आलेंच पाहिजे. आतां बोट चालू असतां मिनिटाला दोन-तीन थेंब येतात, आणि तो तरुण खलाशी ते मोजून अजून वहींत लिहितो.