दुर्गम भागातील नेत्रसेवा : पूर्वकर्म आणि पश्चात्कर्म आपल्याकडे

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राचे पहिले एकोणीस अध्याय नेत्ररोगांना वाहिले आणि शहात्तर नेत्ररोगांचे वर्णन केले. शल्यचिकित्सेची पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म अशी विभागणीही त्यांनी घालून दिली. लिंगनाशावरील त्यांचा शलाकावेध आज इतिहासजमा झाला आहे. त्याची जागा कृत्रिम भिंगारोपणाने घेतली आहे. ही त्रिविध विभागणी मात्र मेळघाट वा भामरागडच्या वस्त्यांत आजही तंतोतंत लागू पडते.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता. म्हणजे बहुतांश अंधत्व निवारता येण्याजोगे आहे. नेत्रशल्यविशारद मात्र नागपूर, अमरावतीसारख्या शहरांतच एकवटले आहेत. धारणीनजीक उतावली येथे ‘महान’ संस्थेच्या रुग्णालयात डॉ. कविता सातव यांनी कोरकू बांधवांमध्ये राहून नेत्रशस्त्रक्रिया केल्या. अशी उदाहरणे वंदनीय, परंतु विरळा. एरवी तपासणी शिबिरात होते व रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी सुसज्ज रुग्णालयात न्यावे लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच योग्य आहे.

येथेच पूर्वकर्माचा प्रश्न उभा राहतो. म्हाताऱ्या आजीला सोबत कोण जाणार, घरच्याची मजुरी बुडेल त्याचे काय, डोळा कायमचा जाईल ही भीती कोणी घालवायची? नवसंजीवनी योजनेच्या भरारी पथकांत आयुर्वेद पदवीधरांनी आदिवासी पाड्यांवर वर्षानुवर्षे सेवा दिली आहे. तेथील बोली व घरे त्यांना परिचित असतात. सहा मीटरवरून बोटे मोजता येतात की नाही, एवढी तपासणी करूनही संशयित रुग्ण निवडता येतो. मधुमेह व रक्तदाब आधीच तपासला, तर शहरात गेलेला रुग्ण शस्त्रक्रियेविना परत येण्याचा प्रसंग बराच टळतो.

पश्चात्कर्म तितकेच निर्णायक आहे. शस्त्रक्रियेनंतर थेंब काही आठवडे, क्रमाने कमी करीत घालावे लागतात. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी बाटलीवर सूर्य-चंद्राच्या खुणा करून द्याव्यात. वेदना व लाली वाढली किंवा दृष्टी पुन्हा मंदावली, तर अंतर्नेत्रातील संसर्गाचा संशय धरून त्याच दिवशी रुग्णाला शल्यविशारदाकडे धाडावे. येथे ‘उद्या पाहू’ म्हणणे डोळ्यावर बेतते.

औषधविक्रेत्या बंधूंस आमची विशेष विनंती आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या थेंबांत बहुधा स्टिरॉइड असते व तेथे ते आवश्यकच असते. परंतु उरलेली तीच बाटली शेजाऱ्याच्या लाल डोळ्यात पडली की अनर्थ होतो. गडचिरोली, गोंदिया, भंडारा हे धानपट्ट्याचे जिल्हे. कापणी-मळणीत लोंबी वा तूस लागून बुबुळावर जखम होते आणि तीत बुरशी रुजू शकते. अशा डोळ्यात डेक्सामेथासोन वा बीटामेथासोन गेल्यास लाली तात्पुरती ओसरते, रुग्ण समाधानाने घरी जातो; आत व्रण मात्र खोल जातो, बुबुळाला छिद्रही पडू शकते. म्हणून लेखी चिठ्ठीविना असे थेंब देऊ नयेत. ‘डोळ्याला काही लागले होते काय?’ हा प्रश्न प्रत्येक लाल डोळ्याच्या वेळी विचारावा. उघडलेली बाटली महिनाभरानंतर टाकून देण्यास सांगावे.

हाच नियम आपल्या औषधांनाही लागू आहे. जखमी बुबुळावर मध, अंजन, वनस्पतीचा रस वा दूध घालणे कटाक्षाने टाळावे. निर्जंतुक नसलेले कोणतेही द्रव्य तेथे घातकच. डोळा न चोळता, त्यावर दाब न देता, रुग्णास तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे हीच खरी चिकित्सा.

आपल्या सभासदांपैकी अनेकांचे दवाखाने व औषधालये तालुक्याच्या गावी, आठवडी बाजाराच्या वाटेवर आहेत. तेथे दृष्टितपासणीचा एक तक्ता, जवळच्या नेत्ररुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि पाठवलेल्या रुग्णांची एक वही असावी. कोण गेला, कोण परतला, कोणाचे थेंब चालू आहेत, याची नोंद त्या वहीत राहील. प्रधानकर्म शल्यविशारद करतील. ती वही मात्र आपणच ठेवायची आहे.