कंट्रोल-आय दाबल्याने इटॅलिक होत नाही

वाराणसीत छापलेली एका कार्यक्रमाची मराठी स्मरणिका समोर आहे. मुखपृष्ठापासून आभारांपर्यंत जे जे महत्त्वाचं वाटलं, ते ते ठळक आणि तिरकं. दोष एकट्या वाराणसीला देण्यात अर्थ नाही. 'मथळा उठून दिसायला हवा ना? मग बोल्ड-इटॅलिक करा,' हे पुण्या-मुंबईच्या डीटीपीवाल्यांकडूनही कायम ऐकू येतं.

मुळात इटॅलिक म्हणजे कललेलं अक्षर नव्हे. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियुसने व्हर्जिलचा खिशात मावेल असा ग्रंथ काढला, त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने हे वळण कोरलं. आधार होता तेव्हाच्या विद्वानांच्या भरभर लिहिण्याचा. सगळा ग्रंथ त्याच टायपात, म्हणजे जोर देण्याचा प्रश्नच नव्हता. गंमत म्हणजे त्यातली मोठी अक्षरं सरळच होती! आजही चांगल्या सेरिफ टायपात रोमन लिपीतला छोटा 'ए' उभ्या वळणात दुमजली असतो, इटॅलिकात एकमजली होतो. अक्षराची घडणच बदलते.

देवनागरीत तसं दुसरं वळण परंपरेने आलेलं नाही. विंडोजमधला र. कृ. जोशींचा 'मंगल' हा फॉन्ट घ्या. त्यात साधा आणि ठळक असे दोनच साचे आहेत. तुम्ही कंट्रोल-आय दाबता तेव्हा संगणक उभ्या अक्षरालाच ढकलून कलता करतो. शिरोरेषा आडवीच राहते, काने मात्र कलंडतात, रेफ उजवीकडे झुकतो. ज्या फॉन्टमध्ये ठळक साचाही नाही, तिथे संगणक अक्षराच्या कडा फुगवतो. 'ध' आणि 'भ' यांच्या माथ्यावरची फट हीच त्यांना 'घ' आणि 'म' यांच्यापासून वेगळं ठेवते. बारीक अक्षरात ती फट बुजली की 'धन'चा 'घन' आणि 'भार'चा 'मार' व्हायला कितीसा वेळ लागतो? स्मरणिकेतल्या देणगीदारांच्या यादीत हे पाहून घ्या.

मग बोल्ड-इटॅलिक निरुपयोगी का? मुळीच नाही. बनारसी लंगड्यावरच्या लेखाच्या ठळक मथळ्यात आंब्याचं शास्त्रीय नाव रोमन लिपीत आलं, तर ते बोल्ड-इटॅलिकच हवं. शास्त्रीय नावं तिरकी छापायचा संकेत आहे. या टायपाचं काम एवढंच: आधीच ठळक असलेल्या मजकुरात एखादा शब्द वेगळा दाखवणं. पानभर वापरला की वेगळेपण उरतंच कुठे?

बाकीचे गैरसमज किरकोळ. 'शिरोरेषा म्हणजे देवनागरीचं सेरिफ' – नाही. सेरिफ हा फटकाऱ्याच्या टोकाचा शेवट, शिरोरेषा अक्षराच्या बांध्याचाच भाग. 'काशीचा ल आणि श म्हणजे वेगळी अक्षरं' – अजिबात नाही. युनिकोडमध्ये क्रमांक एकच, वळण फॉन्ट ठरवतो. उलट मुंबई वळणाचे अ, झ, ण आता हिंदीतही रुळले आहेत. शंका असेल त्याने बापूराव नाईकांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' (१९७१) चाळावा. आणि 'तिरकं नको तर अधोरेखित करू' म्हणणाऱ्यांनी आधी 'गुरुकुल' अधोरेखित करून पाहावं. रेघ थेट उकारांतून जाते.