बाराही महिने एकच टायर? मग आधी हे वाचा!

मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५ सीरिज, ऑडी ए६, लेक्सस ईएस... कुठलीही आलिशान सेडान घ्या. माणसांसकट तिचं वजन १,८०० किलो धरा, टायरांत ३५ पीएसआय हवा धरा आणि वजनाला दाबाने भागा. उत्तर येतं ७३० चौरस सेंटीमीटरच्या आसपास. चारही टायर मिळून एका वेळी रस्त्याला टेकतात ती एवढीच जागा, ए-४ कागदापेक्षा जेमतेम मोठी! ताशी ११० किलोमीटर वेगातला ब्रेक, ओल्या रस्त्यावरचं वळण, पहाटेचा बर्फ, सगळ्याचा निकाल तेवढ्या रबरावर लागतो. गाडीचा रंग ठरवायला घरात आठवडाभर चर्चा चालते, टायर मात्र दुकानदार देईल तो! हे बदलायला हवं. टायरच्या दुनियेतल्या या गमती त्यासाठीच.

जन्म १९७७, मुक्काम अमेरिका

ऑल-सीझन टायर ही अस्सल अमेरिकी चीज. पूर्वी तिथे उत्तरेकडच्या राज्यांत थंडी आली की बर्फाचे टायर चढवायचे आणि बर्फ वितळला की उतरवायचे, हा दरवर्षीचा उद्योग असे. १९७७ मध्ये गुडइयरने ‘टिएम्पो’ हा बाराही महिने चालणारा रेडियल टायर आणला आणि कटकट मिटवली. पुढे अमेरिकेत गाड्या कारखान्यातूनच ऑल-सीझन घालून बाहेर पडू लागल्या. युरोपात, विशेषतः जर्मनीत, उन्हाळ्याचा एक संच आणि हिवाळ्याचा दुसरा, ही पद्धत आजही टिकून आहे.

न्यू जर्सी, शिकागो किंवा डेट्रॉइटमधल्या मराठी घरापुढे उभी असलेली जर्मन सेडान म्हणूनच बहुधा ऑल-सीझनवर आलेली असते. पण स्पोर्ट पॅकेज घेतलं असेल तर टायर नीट तपासा. त्यात अनेकदा उन्हाळी टायर येतात. पहिला बर्फ पडला की चढावर चाकं जागच्या जागी फिरत राहतात आणि बोल लागतो बिचाऱ्या गाडीला!

सात अंशांची लक्ष्मणरेषा

उन्हाळी टायरचं रबर ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक व्हायला लागतं. त्यासाठी बर्फ पडायलाच हवा असं नाही. कोरडी, थंड सकाळ पुरते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, पण मे-जूनच्या तापल्या डांबरावर ते भराभर झिजतं आणि वळणावर गाडी लवलवते. ऑल-सीझन या दोघांच्या मधला. रबर मधलं, नक्षी मधली, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर केसाएवढ्या बारीक चिरा. बर्फावर पकड देतात त्या याच चिरा. मधला म्हटल्यावर कडक उन्हात तो उन्हाळी टायरची बरोबरी करणार नाही आणि गोठलेल्या रस्त्यावर हिवाळी टायरचीही नाही. हे मान्य असेल तरच तो घ्यावा.

डोंगर हवा, नुसती अक्षरं नकोत

आता सगळ्यात कामाची गोष्ट. टायरच्या बाजूवर ‘एम+एस’ दिसलं की लोक निर्धास्त होतात. चिखल आणि बर्फ, दोन्हींसाठी चालेल असा त्याचा दावा. पण हे चिन्ह मिळतं ते नक्षीच्या रचनेवर, खाचा किती आणि कशा आहेत त्यावर. त्यासाठी टायर बर्फावर चालवून पाहावा लागत नाही!

खरी परीक्षा दिलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या टायर उद्योगाने ते आणलं. दाबलेल्या बर्फावर ठरावीक संदर्भ-टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त ओढ दाखवली तरच हे चिन्ह मिळतं. पण अमेरिकेतली ही चाचणी गाडी पुढे खेचण्याची आहे; ब्रेक लावण्याची, वळण्याची किंवा काचेसारख्या गोठलेल्या रस्त्याची नाही. त्यामुळे डोंगर दिसला तरी हिमवादळात पाय जपूनच ठेवा.

सरकारांनीही या डोंगराची बाजू घेतली आहे. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर नुसतं ‘एम+एस’ चालत नाही, डोंगर-हिमकण लागतोच. कॅनडातल्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. कोलोरॅडोत डेन्व्हरहून पश्चिमेला डोंगरात चढणाऱ्या आय-७० महामार्गावर सप्टेंबर ते मे खास नियम असतो: साध्या टू-व्हील-ड्राइव्ह सेडानला ‘एम+एस’ चालतात, पण खाचा निदान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर खोल हव्यात. एरवीची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर! म्हणजे गावात कायदेशीर असलेला टायर डोंगरात बेकायदा ठरू शकतो.

अक्षरं पुसली की समजा...

कॉन्टिनेंटलच्या एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ या टायरवरची युक्ती मला फार आवडते. नक्षीतच डी, डब्ल्यू आणि एस ही अक्षरं कोरलेली असतात: कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ. टायर झिजत गेला की आधी एस पुसला जातो. बर्फाचे दिवस संपले! मग डब्ल्यू जातो, म्हणजे पावसातली पकडही ओसरली. हातात मोजपट्टी नसली तरी नुसतं वाकून बघितलं की कळतं. हे सगळ्याच कंपन्यांनी उचलावं.

भाषा तीन मापांची

२४५/४५ आर १८. रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम इंचांत. एकाच ओळीत तीन मापं! हिशेब करा: २४५ चे ४५ टक्के म्हणजे ११० मिलिमीटर उंचीची रबरी बाजू. आता हौसेने २० इंची अलॉय व्हील घेतली आणि २४५/३५ आर २० टायर बसवला तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, पण रबर ८६ मिलिमीटरवर येतं. खड्डा आला की धक्का झेलायला जवळजवळ अडीच सेंटीमीटर रबर कमी. गाडी दिसते झोकदार, पण रिम वाकते, टायरची बाजू फुगते आणि पाठीला हादरे बसतात. आराम हेच आलिशान सेडानचं सुख असेल तर लहान रिमच्या बाजूने माझं ठाम मत आहे.

मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. १०० हा भारांक म्हणजे एका टायरला ८०० किलो. अक्षर सांगतं वेग: टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, यू म्हणजे २००, मग एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. एच हा मुळाक्षरांची रांग मोडून यू आणि व्हीच्या मध्ये घुसला आहे! दुकानात कोणी ‘थोडा कमी भारांक चालतो हो’ म्हणालं तर ऐकू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर सांगतं त्याहून कमी घ्यायचा नाही.

छोटा तारा, मोठा फरक

टायरच्या बाजूवर बारीकसा तारा दिसला तर तो बीएमडब्ल्यूसाठी जुळवलेला. ‘एमओ’ मर्सिडीजचा, ‘एओ’ ऑडीचा, ‘एन’ आणि पुढे आकडा पोर्शाचा, ‘टी’ आणि आकडा टेस्लाचा. नाव तेच, माप तेच, तरी आतलं रबर आणि बांधणी त्या गाडीला साजेशी बदललेली असते. खुणेशिवायचा टायर वाईट असतो असं अजिबात नाही, पण दोन खुणेचे आणि दोन बिनखुणेचे असा मेळ घालू नये.

अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये स्टेपनीच नसते, कारण टायर रन-फ्लॅट असतात. पंक्चर झाल्यावरही ताशी ८० किलोमीटर वेगाने सुमारे ८० किलोमीटर जाता येतं. त्यासाठी बाजू जाड आणि ताठ ठेवावी लागते, म्हणून गाडी जरा कडक चालते. साधे ऑल-सीझन बसवले की गाडी मऊ होते, हे खरं. पण मग पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप डिकीत हवाच.

आत दडलेला स्पंज

महागड्या सेडानच्या काही टायरांत आतल्या बाजूने स्पंजचा पट्टा चिकटवलेला असतो. टायरमधली हवा रस्त्याच्या धक्क्यांनी साधारण २०० हर्ट्झला घुमते आणि तो घुमारा केबिनमध्ये शिरतो. स्पंज तो गिळतो. कॉन्टिनेंटल याला कॉन्टिसायलेंट म्हणते, पिरेली नॉइज कॅन्सलिंग सिस्टिम, मिशेलिन अकूस्टिक. असा टायर पंक्चर झाला तर दुरुस्तीवाल्याला आधी सांगा, कारण स्पंज तेवढ्या जागेवरून काढल्याशिवाय आतून पॅच बसत नाही.

सोयाबीन, टेक्सास आणि पांढरा टायर

लातूर-वाशीमच्या सोयाबीन शेतकऱ्यांनी ऐकावं असं काही: गुडइयरने २०१७ मध्ये ॲश्युरन्स वेदररेडी या टायरमध्ये खनिज तेलाच्या जागी सोयाबीन तेल वापरलं. थंडीत रबर लवचीक राहायला त्याची मदत होते. टायरवर डोंगर-हिमकणही आहे!

अमेरिकेत टायरवर झिजेचा एक अंकही छापलेला असतो. तो ठरवायला पश्चिम टेक्सासमधल्या ४०० मैलांच्या ठरावीक मार्गावर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल पळवतात आणि प्रमाण-टायरशी तुलना करतात. ५०० अंकाचा टायर कागदोपत्री १०० अंकाच्या पाचपट टिकतो. पण अंक कंपनीच ठरवून छापते, म्हणून दोन कंपन्यांचे अंक एकमेकांशी ताडून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा हमीचे मैल बघा. मिशेलिनच्या क्रॉसक्लायमेट २ ला ६०,००० मैलांची हमी, त्याच कंपनीच्या चपळ पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ ला ४५,००० ची. जास्त चपळाई हवी तर आयुष्यातले १५,००० मैल सोडायची तयारी ठेवा.

आणि मिशेलिनचा तो गुबगुबीत टायरमानव पांढरा का? १८९८ मध्ये तो पहिल्यांदा पोस्टरवर आला तेव्हा टायर काळे नव्हतेच! रबरात काजळीसारखा कार्बन ब्लॅक घालायला सुरुवात झाली ती नंतर. त्याने रबर काळं तर झालंच, शिवाय कितीतरी मजबूत झालं. रबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती १८३९ मध्ये शोधणारे चार्ल्स गुडइयर १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारले. त्यांच्या नावाची कंपनी ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये १८९८ साली निघाली, आणि तिच्याशी त्यांच्या घराण्याचा काडीचाही संबंध नव्हता.

थंडी हवा खाते

तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने घटतो. शिकागोत सप्टेंबरच्या २५ अंशांत ३५ पीएसआय भरलंत आणि जानेवारीत पारा उणे १५ वर गेला, तर दाब २८ वर येईल. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र लागेलच असं नाही! अमेरिकी नियमाप्रमाणे त्याने २५ टक्के घट झाल्यावर इशारा द्यायचा असतो, म्हणजे २६ च्या आसपास. २८ वर गाडी बिनबोभाट चालत राहते, टायर कडांना झिजत राहतो, पेट्रोलही जास्त जातं. थंडीत दर महिन्याला, गाडी हलवण्याआधी, हवा स्वतः मोजा.

आणि आपल्याकडे?

मर्सिडीज ई-क्लास पुण्याजवळ चाकणला जुळते, ऑडीची ए४ आणि ए६ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. पुण्यात पारा सात अंशांखाली गेला तर वर्तमानपत्रात बातमी होते, मुंबईत तर तो प्रश्नच नाही. तेव्हा डोंगर-हिमकणासाठी इथे जादा पैसे मोजू नका. आपल्याकडे परीक्षा घेतात ते घाटातला जुलै आणि विदर्भातला मे. पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद, खोल उभ्या खाचा आणि ओल्या रस्त्यावरची पकड बघा. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने निघण्याआधी हवा तपासाच. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकला की तापतो आणि तापला की फुटतो.

माझा कौल

न्यू जर्सी किंवा ओहायोत राहता, वर्षातून मोजके दिवस बर्फ पडतो आणि तेव्हा रस्ते लवकर साफ होतात? डोंगर-हिमकणाचा ऑल-सीझन घ्या, चारही एकाच जातीचे. मिनेसोटात रोज पहाटे गोठलेल्या रस्त्याने कामावर जाता? वेगळा हिवाळी संच घ्या, वेगळ्या रिमवर चढवून ठेवा. तिथे तडजोड नको. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असाल आणि डोंगरात जात नसाल तर उन्हाळी टायरचं सुख खुशाल घ्या. दोनच टायर बदलायचे झाले तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी, कारण ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली तर गाडी गरकन फिरते. ऑल-व्हील-ड्राइव्ह असेल तर मात्र चारही टायरांची झीज सारखी लागते. मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

आणि टायर रिमवर चढवण्याआधी दुकानात उभं राहून ‘डीओटी’पुढचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नवा म्हणून दिलेला टायर गोदामात दोन-तीन वर्षं पडून आला असेल, तर दुसरा मागा.