गाजलेली शहरे आणि अडीच एकर ऊस



गेल्या महिन्यात प्रकाशाला केदारेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन आटोपून घाटाच्या पायऱ्यांवर टेकलो, तोच आपल्या कारखान्याचे एक जुने सभासद, आमचे स्नेही, शेजारी येऊन बसले. इकडचे तिकडचे बोलणे झाले, लागणीचे झाले, मग हळूच म्हणाले, "आप्पा, तुम्ही अमेरिका पाहून आलात. खरं सांगा, काय आहे तिथं? पोरगी ह्यूस्टनला आहे, सारखी बोलावते. जावई म्हणतात, आलात की न्यूयॉर्क, लास व्हेगास सगळं फिरवतो. पण यंदाचं उसाचं बिल तिकिटाला घालावं की ठिबकला, ते काही सुचत नाही."

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत आता एखादा मुलगा नाहीतर मुलगी परदेशी आहे. म्हणून घाटावर त्यांना जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहीत आहोत. आधी हिशेब. आमच्या दोघांची जाण्या-येण्याची तिकिटे, व्हिसा, मुंबईच्या खेपा, विमा आणि तिथले फिरणे मिळून आमचे अडीच एकराचे बिल संपले. व्हिसाची फी तर आधीच भरावी लागते. साहेबाने नाही म्हटले तर ती बुडीत खाती.

आम्ही तीन महिने न्यू जर्सीला मुलाकडे राहिलो. पहिल्याच शनिवारी त्याने न्यूयॉर्कला नेले आणि टाइम्स स्क्वेअरमध्ये उभे केले. न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्राचे कार्यालय तिथे आले तेव्हा, म्हणजे १९०४ साली, त्या चौकाला हे नाव पडले. चहूबाजूंनी इमारतीएवढ्या जाहिराती, भर दुपारी दिवे चालू. माणसांची दाटी आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेसारखी, पण तिथे निदान घोडे तरी असतात! इथे कार्टूनच्या वेषातली माणसे फोटोला उभी राहतात आणि फोटो झाला की पैशाला हात पुढे करतात. दहा मिनिटांत आमची मान दुखायला लागली. घरच्या म्हणाल्या, "याच्यासाठी एवढी माणसं येतात?" मुलगा जरा हिरमुसला.

पण त्याच न्यूयॉर्कने आम्हाला दुसऱ्या खेपेला काय दाखवले ते ऐका. ब्रुकलिनच्या बाजूला, ईस्ट रिव्हर नदीच्या काठावर, डोमिनो नावाचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. एके काळी जगातला सर्वांत मोठा. कच्ची साखर जहाजाने थेट धक्क्याला लागायची. २००४ साली तो बंद पडला. २०१८ साली त्या जागेवर लोकांसाठी बाग खुली झाली आणि जुन्या क्रेन, रसाच्या उंच टाक्या त्यांनी मोडीत न घालता रंग देऊन तिथेच उभ्या ठेवल्या आहेत. पोरेबाळे त्यांच्याखाली खेळतात. आम्ही त्या टाकीला हात लावून बराच वेळ उभे होतो. आपल्याकडे कारखाना बंद पडला की भंगारवाला सगळ्यांच्या आधी पोचतो, हे मनात आल्याशिवाय राहिले नाही. ही बाग गर्दीच्या सहलीत नसते. टाइम्स स्क्वेअर मात्र असतोच असतो.

पुढे मुलाने आग्रहाने आम्हाला पश्चिम किनाऱ्याच्या सात दिवसांच्या सहलीला पाठवले. कंपनीचे नाव सांगत नाही, पण त्या सात दिवसांतला निम्मा वेळ बसमध्ये आणि उरलेल्यातला निम्मा संडासाच्या रांगेत गेला. लॉस एंजेलिसला हॉलिवूडच्या फुटपाथवर नटनट्यांच्या नावाच्या चांदण्या बसवल्या आहेत, अडीच हजारांच्या वर. त्यात आपल्या म्हैसूरच्या साबू दस्तगीरचीही एक आहे. ती सोडली तर फुटपाथ तो फुटपाथ. शहर असे पसरलेले की गाडीवाचून माणूस लंगडा. सॅन फ्रान्सिस्कोला पोचलो तो जुलै महिना. १९३७ सालचा तो प्रसिद्ध तांबडा गोल्डन गेट पूल पाहायला गेलो तर धुक्यात त्याचा एक खांबसुद्धा धड दिसेना. उन्हाळ्यात तिथे असेच धुके दाटते म्हणे! मग सहल उन्हाळ्यात का काढता, याचे उत्तर गाईडने हसण्यावारी नेले. भर जुलैत दोन स्वेटर घालून कुडकुडलो.

लास व्हेगासबद्दल आमच्या घरात दुमत आहे ते प्रामाणिकपणे नोंदवतो. घरच्यांना तिथली नाचती कारंजी फार आवडली, त्या दोन रात्री पाहायला गेल्या. आम्हाला ते जुगाराचे गाव मुळीच रुचले नाही. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला, तेव्हापासूनची ही झगमग. पण जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरण आहे, २२१ मीटर उंच, १९३६ मध्ये पुरे झालेले. त्यामागच्या जलाशयाच्या कडेला खडकावर पांढरा पट्टा दिसतो, पूर्वी पाणी कुठवर होते त्याची ती खूण. २०२२ च्या जुलैत पाणी इतके खाली गेले की १९३७ मध्ये जलाशय भरत होता त्यानंतर तेवढे कधी गेले नव्हते. आता ते शहर घरांतले सांडपाणी शुद्ध करून जवळजवळ सगळे परत जलाशयात सोडते, आणि नुसत्या शोभेच्या हिरवळी काढून टाकायला राज्याने २०२१ साली कायदा केला. पाटाने मोकळे पाणी सोडणाऱ्या आपल्यासारख्यांनी जुगारापेक्षा तो पांढरा पट्टा पाहावा.

आता खरी गोष्ट. निघण्यापूर्वी कारखान्याचे चीफ केमिस्ट म्हणाले होते, "जमलं तर न्यू ऑर्लिन्सला जाऊन या. आपलं बॉयलिंग हाऊस तिथल्या माणसाच्या डोक्यातून निघालंय." मुलाला सांगितले तर तो म्हणाला, "बाबा, तिथं लोक दारू प्यायला जातात." खोटे नव्हते. बोर्बन स्ट्रीट नावाच्या गल्लीत प्लॅस्टिकच्या पेल्यातून भर रस्त्यात पिण्याची मुभा आहे, आणि सकाळी अकरालाच माणसे झुलत होती. ते गाव गाजले ते या गल्लीमुळे. आम्ही गल्ली एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो आणि बाहेर पडलो.

त्याच शहरात आज ऑड्युबॉन पार्क नावाची बाग आहे. तिथल्या मळ्यात एतियेन द बोरे याने १७९५ मध्ये उसाच्या रसाची दाणेदार साखर पाडून दाखवली आणि लुइझियानात उसाचा धंदा मूळ धरून बसला. कुणाच्या घामावर? शहरापासून तासाभराच्या वाटेवर व्हिटनी नावाचा जुना ऊसमळा आहे. २०१४ पासून तिथे गुलामांच्या आठवणीचे संग्रहालय आहे. दगडांवर गुलामांची नावे ओळीने कोरली आहेत आणि बाहेर रस उकळायच्या लोखंडी कढया ठेवल्या आहेत. आपल्या गुऱ्हाळाच्या कढईची चुलत बहीणच. फरक एवढाच की तिथे मोठ्या कढईतून लहान, लहानातून आणखी लहान अशा रांगेत उकळता रस पळ्यांनी उपसून टाकत जायचे, रात्रंदिवस, आणि अंगावर सांडला तर गुलामाच्या.

हे काम मोडीत काढले नॉर्बर्ट रिलियू याने. जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. बाप गोरा, आई कृष्णवर्णीय पण मुक्त. पॅरिसला शिकला. १८४३ आणि १८४६ मध्ये त्याने पेटंट घेतली ती अशी, की रस बंद भांड्यात आटवायचा, त्याची वाफ फुकट न घालवता पुढच्या भांड्यातला रस तापवायला वापरायची, आणि पुढच्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवायचा म्हणजे तिथला रस कमी उष्णतेत उकळतो. पहिल्या बॉडीची वाफ दुसरीला, दुसरीची तिसरीला. सभासदांनी कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या उंच बॉडी ओळीने उभ्या पाहिल्या असतील. ती युक्ती ही. तीमुळे जळण वाचते, आणि जळण वाचते म्हणून बगॅसवर कारखाना चालून शिल्लक राहते. गव्हाणीत मोळी पडते तेव्हा आपण नारळ फोडतो, पण या माणसाचे नाव आम्हाला साठीनंतर कळले. बोर्बन स्ट्रीटवर चार जणांना विचारून पाहिले, एकालाही माहीत नव्हते.

शहराबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता, डोक्याबरोबर आलेला. तिकडे हिवाळ्यात दहिवराने ऊस मरतो म्हणून सप्टेंबरअखेर सुरू करून जानेवारीच्या आत गाळप उरकतात, तोडणी सगळी यंत्राने. घरच्या गाडी थांबवून बांधावर उतरल्या आणि पाने हातात घेऊन पाहिली. त्या तीन महिन्यांत परमुलुख वाटला नाही असा तो एकच तास.

हे सगळे त्या दिवशी घाटावर सांगत असताना समोर एक बस आली. माणसे उतरली, दर्शन, प्रसाद, फोटो, पाऊण तासात बस हलली. दक्षिण काशी म्हणून येतात बिचारे. काशीची यात्रा पुष्पदंतेश्वराच्या दर्शनावाचून पुरी होत नाही अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. तशी दक्षिण काशी वाईलाही म्हणतात आणि पैठणलाही. पण इथे तापी-गोमाईच्या संगमाजवळ जे पांढरीचे टेकाड आहे, तिथे १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बा. के. थापर यांनी उत्खनन केले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची रंगीत खापरे काढली, ते टेकाड त्या बसमधल्या एकानेही पाहिले नाही. आम्ही स्नेह्यांना म्हटले, "ही बस पाहिलीत ना? लॉस एंजेलिसला आम्ही असेच उतरलो होतो."

ते म्हणाले, "म्हणजे जाऊ नये?"

आम्ही म्हटले, जा. पण पोरीसाठी जा. शहरांसाठी अडीच एकर ऊस घालू नका, त्या शहरांची तेवढी लायकी आम्हाला तरी दिसली नाही. जावयांना सांगा, पश्चिमेची बस नको. तेवढ्या पैशांत अर्ध्या वावराचे ठिबक होईल. ह्यूस्टनला महिनाभर घरी राहा, नातवाला शाळेत सोडायला जा. आणि एक शनिवार-रविवार मागून घ्या. ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्स साडेतीनशे मैल, गाडीने पाच-सहा तास.

त्यांनी खिशातून काट्याची जुनी पावती काढली, मागची कोरी बाजू पुढे केली आणि म्हणाले, "नाव लिहून द्या. गावाचं, आणि त्या वाफेवाल्याचंही." आम्ही दोन्ही देवनागरीत लिहून दिली.