सुरक्षा वस्तरा

दाढी करताना पात्याची धार त्वचेत खोल जाऊ नये म्हणून धारेच्या एका बाजूस टोपण व दुसऱ्या बाजूस रक्षकपट्टी असलेले, हाताने वापरावयाचे साधन. व्यवहारात यास ‘रेझर’ म्हणतात. दाढी सुखद होणे वा न होणे हे केवळ पात्याच्या तीक्ष्णतेवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु एकाच प्रकारचे पाते दोन निरनिराळ्या रेझरांत बसविले असता एकात दाढी सुखाने होते, तर दुसऱ्यात त्वचेची आग होते. पाते कोणत्या कोनात, किती बाहेर व किती घट्ट धरले आहे, यावर हा फरक मुख्यतः अवलंबून असतो.

साधा वस्तरा व हाताचे कार्य : सुरक्षा वस्तऱ्याचा प्रत्येक भाग न्हाव्याच्या हाताच्या एकेका क्रियेची जागा घेतो. सातारा जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणे जावळी तालुक्यातील मेढा व आसपासच्या गावांतही न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक असे आणि हजामतीचा मोबदला त्यास सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. त्याच्या धोकटीतील वस्तऱ्यास कोणतेही संरक्षण नसते. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरावयाची, उजव्या हाताने पाते त्वचेशी सु. ३०° कोनात ठेवावयाचे आणि गाल, जबडा, हनुवटी व गळा यांच्या वळणांनुसार कोन आणि दाब क्षणोक्षणी बदलावयाचा, असे हे काम आहे. पाते जास्त उभे धरल्यास ते त्वचा खरवडते. फार आडवे धरल्यास केसावरून घसरते व केस ओढले जातात. सुरक्षा वस्तऱ्यात हे कौशल्य धातूत कायमचे बसविलेले असते. त्यामुळे तो नवख्यासही वापरता येतो. मात्र घडणीत राहिलेली चूकही त्यात कायमच राहते.

इतिहास : अठराव्या शतकात पॅरिस येथील झां झाक पेरे या कारागिराने वस्तऱ्याच्या पात्यास लाकडी आवरण बसवून धारेचा थोडासाच भाग उघडा ठेवला. अमेरिकेत काम्फे बंधूंनी १८८० मध्ये रक्षकपट्टी असलेल्या वस्तऱ्याचे एकस्व घेतले. त्याचे पाते मात्र वरचेवर पाजवावे लागे. किंग कँप जिलेट यांनी पोलादाच्या पातळ पत्र्याचे, धार गेल्यावर टाकून देण्याजोगे दुधारी पाते कल्पिले. विल्यम निकर्सन यांनी ते उत्पादनयोग्य केले. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली व १९०४ मध्ये एकस्व मिळाले.

डोक्याची भूमिती : टोपणाची कड आणि रक्षकपट्टीची कड या दोहोंना एकाच वेळी स्पर्श करणारी एक सरळ रेषा कल्पिली, तर ती रेझराखाली येणाऱ्या त्वचेची स्थूल पातळी दर्शविते. धार या रेषेच्या किती पुढे वा मागे आहे, यास धारेचा उघडेपणा म्हणता येईल. तो मिमी.च्या एकदशांशाच्या आसपास असतो. पण एवढ्या अल्प अंतराचाही परिणाम बोटांना व गालाला तत्काळ जाणवतो. धार रेषेच्या पुढे असेल, तर ती स्वतःच त्वचेवर टेकते, केस मुळाशी कापला जातो आणि हात चुकल्यास जखम होते. धार रेषेच्या मागे असेल, तर कातडी फटीत फुगून वर येईल तेव्हाच केस कापला जातो. अशा ‘सौम्य’ रेझराने दाढी नीट होत नाही म्हणून वापरणारा तो दाबतो व त्याच जागी पुनःपुन्हा फिरवितो. परिणामी आग सौम्य रेझरानेच अधिक होते, असे पुष्कळदा घडते. त्याचा दोष मात्र पात्याला दिला जातो.

रक्षकपट्टी व धार यांमधील फट साधारणतः अर्ध्यापासून एक मिमी.पर्यंत असते. साबणाचा फेस व कापलेले केस तिच्यातून निघून जातात. फट मोठी असल्यास कातडी तिच्यात अधिक फुगते. रक्षकपट्टी सरळ असल्यास ती धारेच्या आधी त्वचा ताणते व सपाट करते. कंगव्यासारखी दंतुर असल्यास फेस व वाढलेले केस धारेपर्यंत पोहोचू देते. चार दिवसांच्या वाढलेल्या दाढीसाठी दुसरी सोयीची.

पात्याची पकड हा सर्वांत दुर्लक्षिलेला भाग होय. दुधारी पात्याची जाडी सु. ०.१ मिमी. असते. टोपणाखाली ते कमानीसारखे वाकविल्याने त्यास ताठपणा येतो. तरीही पकडीबाहेर राहिलेली पट्टी एका टोकास घट्ट धरलेल्या फळीसारखी वाकते. यामिकीच्या नियमानुसार बाहेर राहिलेली लांबी दुप्पट झाल्यास तेवढ्याच बलाने धार आठपट वाकते. केसाशी भिडताना ती मागे रेटली जाते आणि केस तुटताच उसळून परत येते. हे कंपन हातास खरखर म्हणून व त्वचेस ओढ म्हणून जाणवते. पकड धारेच्या जवळ असलेला रेझर त्यामुळे मोठ्या फटीतही शांत चालतो.

जिलेट कंपनीने १९५८ मध्ये आणलेल्या एका रेझरात मुठीवरील कडे १ ते ९ अंकांवर फिरवून रक्षकपट्टी खालीवर करता येई. फट व उघडेपणा त्यायोगे एकत्रच बदलत. जर्मनीत प्रचलित झालेल्या तिरक्या रेझरात पाते पिळून बसवितात. ते कोयत्याप्रमाणे तिरके कापते असे म्हटले जाते. पण तिरपेपणा थोडाच असल्याने, पिळामुळे पात्यास येणारा ताठपणा हेच गुणाचे अधिक संभाव्य कारण दिसते.

केस व पाणी : दाढीचा केस साधारणपणे ०.१ मिमी. जाडीचा असतो आणि त्वचेतून तिरका बाहेर येतो. दोन-तीन मिनिटे भिजल्यास तो फुगून मऊ होतो व कापण्यास लागणारे बल बरेच घटते. २०२० मध्ये मॅसॅच्यूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले की, पोलादाहून सु. पन्नास पट मऊ असलेला केस वाकून तिरका भिडल्यास धारेतून सूक्ष्म कपचे उडवू शकतो. फेस टिकण्यास पाणी मृदू लागते. त्यामुळे वेण्णाकाठी मेढ्यास जो साबण सहज फेसाळतो, तोच माण-खटावकडील विहिरीच्या जड पाण्यात चोथ्यासारखा होतो, आणि चांगला रेझरही तेथे ओढू लागतो.

भारतातील वापर : दोन पात्यांचा संच १९७१ मध्ये जिलेट कंपनीनेच प्रथम बाजारात आणला. पहिले पाते केस किंचित ओढून कापते व तो मागे जाण्याआधी दुसरे पाते तो पुन्हा कापते. पात्यांमधील अंतर कमी असल्याने कातडी कमी फुगते. पण त्या अरुंद जागेत केस अडकतात. २००२ च्या सुमारास भारतासाठी केलेल्या अशा एका रेझराची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून, नळाच्या वाहत्या पाण्यावर झाली होती. जमिनीवर बसून, तांब्याभर किंवा पेलाभर पाण्यात दाढी उरकणाऱ्याच्या हातात तो तुंबू लागला. २०१० मध्ये याच कंपनीने एकाच पात्याचा, दंतुर रक्षकपट्टीचा व मागे पाणी जाण्यास मोठी मोकळी जागा असलेला रेझर पंधरा रुपयांस आणला.

केशकर्तनालयात मात्र वस्तराच टिकून आहे. दूषित पात्यातून काविळीचा ब प्रकार व एड्‌सचे विषाणू पसरू शकतात, ही जाणीव वाढल्यावर १९९० नंतर अखंड पात्याच्या वस्तऱ्याऐवजी दुधारी पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा खाचेत बसविण्याची रीत रूढ झाली. पाते गिऱ्हाइकासमोर बदलले जाते. कोन, दाब व कातडीचा ताण हे पूर्वीप्रमाणे न्हाव्याच्या बोटांतच आहेत.